मुंबईत खरेदीला, म्हणजे नेमकं कुठे

भाचीचं लग्न ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त आहे, आणि घरात सध्या कपड्यांशिवाय दुसरा विषय नाही. परवा तिच्याबरोबर इथे गोव्यातल्याच एका मॉलमधे गेले होते, सहज, कुठले रंग चाललेत ते बघायला. एक कुर्ता हातात घेतला, छान फिकट हिरवा, पण हाताला जरा निसरडा लागला म्हणून तिथल्या मुलीला विचारलं, "कॉटन आहे ना गं हे?" तिने कुर्ता माझ्या हातातून घेतला, आतली शिवण उलटवली, लेबल शोधलं आणि वाचून दाखवलं. कॉटन ब्लेंड. "म्हणजे कॉटन किती?" तिने परत लेबल बघितलं आणि म्हणाली, मॅडम, एवढंच लिहिलंय. मुलगी गोड होती, दिवसभर उभं राहून पाय दुखत असणार तिचे, तिचा काही दोष नाही. पण घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना. कापड विकणाऱ्या माणसाला त्या कापडाबद्दल माझ्याइतकंच माहिती, लेबलवर लिहिलंय तेवढंच, हे मला का कोण जाणे फार खटकलं.

रात्री जेवताना भाचीने विचारलं, "मावशे, मागीर मुंबयंत खंय वचचें?" म्हणजे मग मुंबईत कुठे जायचं, कारण मुंबईला जायचं हे ठरलेलंच होतं, आमच्याकडे लग्नाचं कापड मुंबईहून आणायची पद्धत आहे. फॅमिली ग्रुपवरही तिने हाच प्रश्न टाकला होता आणि धडाधड उत्तरं आली होती, लोअर परळचा मॉल, कुर्ल्याचा मॉल, बीकेसीला नवीन झालाय तो, एका दादाने तर लिहिलं की मुंबईला कशाला जाताय, सगळं फोनवर मिळतं की. क्रॉफर्ड मार्केट कोणीच लिहिलं नव्हतं. मंगळदास नाही, काळबादेवी नाही, भुलेश्वर नाही.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

आमच्या घरात मुंबई म्हणजे तेवढाच भाग होता. बोरीबंदरपासून गिरगावपर्यंत, फार तर खाली कुलाब्याकडे. अंधेरी, बोरिवली ही नावं फक्त ऐकलेली. बाबांची आत्या गिरगावात चाळीत राहायची, आणि डिचोली-पेडण्याकडच्या किती घरांचं हे असंच, अर्ध घर इथे, अर्ध गिरगावात. गोवा हिंदू असोसिएशनसुद्धा 1919 साली निघाली ती मुंबईत. आणि तिथून दहा मिनिटांवर धोबी तलावला सासष्टी-बार्देसच्या ख्रिश्चन लोकांचे क्लब, त्यांच्या भाषेत कूड, एकेका गावाचा एकेक, बोटीवर नोकरीला जायच्या आधी आणि आल्यावर उतरायची सोय. म्हणजे हिंदू असो की ख्रिश्चन, गोंयकार मुंबईत उतरला की तो याच दोन-तीन मैलांत सापडायचा. आधी पणजीहून बोटीने भाऊच्या धक्क्याला, 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर मग कोकणकन्येने पहाटे सीएसएमटीला. स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की क्रॉफर्ड मार्केट. आईला कधी दुसरीकडे जायची गरजच पडली नाही.

आजी मात्र वेगळंच सांगायची. तिच्या तरुणपणी उलटं होतं म्हणे, मुंबईचे नातेवाईक गोव्यातून वस्तू मागवायचे. पोर्तुगीज राज्यात पणजीच्या दुकानांत परदेशी माल बिनबोभाट मिळायचा, घड्याळं, सेंट, नायलॉनच्या साड्या, आणि तिकडे भारतात आयातीवर बंधनं. 1955 ला भारताने नाकेबंदी केली तेव्हा तर हद्दीवर झडत्याच झडत्या. आत्याने मागवलेली अत्तराची बाटली आजीने लोणच्याच्या बरणीत कापडात गुंडाळून पाठवली होती, ती पोचली की नाही हे मात्र प्रत्येक वेळी वेगळं सांगायची. 1961 ला गोवा भारतात आला आणि वारं फिरलं. पणजीतली परदेशी दुकानं ओसरली आणि आम्ही पिशव्या घेऊन मुंबईकडे जायला लागलो.

तर भाचीला मी सांगायला बसले. पहिलं हे सांगितलं की तिकडे दुकानाचं नाव घेऊन जायचं नसतं, गल्ली विचारायची. दिवे, पंखे, झुंबरं पाहिजेत तर लोहार चाळ. तांब्या-पितळेची भांडी तर कंसारा चाळ. हत्यारं, दोरखंड, पट्टे, नट-बोल्ट नागदेवी स्ट्रीट. औषधं आणि लॅबचं सामान प्रिन्सेस स्ट्रीट. इलेक्ट्रॉनिक्सचा एखादा बारका पार्ट तो लॅमिंग्टन रोड. लग्नपत्रिका तर गिरगावात खाडिलकर रोडला, कांदेवाडीत. पत्रिका हल्ली सगळे व्हॉट्सअपवर पाठवतात पण कुलदेवापुढे ठेवायची पहिली पत्रिका कागदाचीच लागते, तेव्हा थोड्या का होईना छापायला लागणारच आहेत. सोनं मात्र आम्ही तिकडे घेत नाही. झवेरी बाजारातून फिरायचं, काचेतले नमुने बघायचे, आणि घडवायचं गावच्या शेटकडेच, कारण आजीच्या पाटल्या पण त्याच्याच आजोबांनी केलेल्या.

एकाच वस्तूची इतकी दुकानं एकमेकांना चिकटून बसली तर यांचा धंदा होतो कसा, हे मला लहानपणी कळायचं नाही. पण गिऱ्हाईक म्हणून त्याचा फायदा आता कळतो. पहिल्या दुकानात आपण अडाणी असतो. दुसऱ्या दुकानात दोन शब्द कळलेले असतात, तिसऱ्यात आपण प्रश्न विचारायला लागतो, आणि चौथ्यात दुकानदार आपल्याशी नीट बोलायला लागतो कारण त्याला कळतं की ही बाई शेजारी चौकशी करून आलीय. कोणी फार थापा मारू शकत नाही, शेजारचा ऐकत असतो. आणि त्याच्याकडे नसेल तर पोराला पळवून शेजारच्याकडून आणून देतो, वर चहा पण. कंसारा चाळीत भांडं नुसतं नगावर घेत नाहीत, वजन करतात, आधी टिचकी मारून आवाज ऐकवतात, जाड बुडाचा आवाज वेगळा आणि पातळ पत्र्याचा वेगळा, आणि एकदा तो कानात बसला की आपल्यालाही कळतो.

या गल्ल्या अशा का झाल्या याचंही कारण आहे, आणि ते मला आवडतं म्हणून सांगते. फोर्ट म्हणजे खरोखरच किल्ला होता. 1803 साली आतमधे मोठी आग लागली, त्यानंतर देशी व्यापारी तटाबाहेर उत्तरेला सरकत गेले आणि काळबादेवी, भुलेश्वर, मांडवीकडची वस्ती दाट होत गेली. भाटिये, बनिये, कच्छी, बोहरी, मेमण, ज्याचा धंदा त्याची गल्ली, कारण उधारी ओळखीवर चालायची आणि ओळखीचा माणूस शेजारी पाहिजे. मग 1861 ते 65 अमेरिकेत यादवी युद्ध, तिथला कापूस बंद, इंग्लंडच्या गिरण्यांना मुंबईहून कापूस, आणि शहरात पैशाचा पूर. त्याच सुमारास किल्ल्याचा तट पाडला. क्रॉफर्ड मार्केट 1869 चं, म्हणजे तट पाडल्यानंतर लगेचचं, गोऱ्यांचा फोर्ट आणि देशी बाजार यांच्या बरोबर सांध्यावर. आता नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. दाराच्या वरती दगडात कोरलेले शेतकरी-बाजारकरी आहेत, समोरच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधे शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंगने केलेले, आणि हजारो माणसं रोज त्यांच्या खालून जातात पण वर कोणी बघत नाही. मी भाचीला सांगितलंय, एकदा तरी मान वर कर.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं ते मंगळदास मार्केटबद्दल.

क्रॉफर्ड मार्केटच्या समोरच्या बाजूला आत शिरलं की ते सुरू होतं, छपराखालचा कापडाचा बाजार, आत बोळ आणि बोळांच्या दोन्ही बाजूंना छोटी छोटी दुकानं, दुकान म्हणजे एक चौथरा, त्यावर पांढरी गादी, गादीवर मालक आणि मागे छतापर्यंत तागे. आत गेल्यावर पहिल्यांदा वास येतो, नव्या कापडाच्या खळीचा, थोडा पिठासारखा थोडा रॉकेलसारखा, आणि माणसांच्या घामाचा, आणि कुठूनतरी उदबत्तीचा. आवाज सारखा एकच, तागा उलगडताना होणारा धप धप. मी कॉलेजात असताना आईबरोबर गेले होते, एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे आईने परकरासाठी पॉपलिन आणि माझ्या ड्रेससाठी कसलंसं छापील कापड बघितलं. आईने तोच प्रश्न विचारला, हे कॉटनच ना? त्याने काही उत्तरच दिलं नाही. कापडाच्या कडेचा एक दोरा ओढून काढला, खिशातली काडेपेटी घेतली, दोरा दोन बोटांत धरून पेटवला. जळाला, विझला, त्याने ती राख बोटांवर चोळली, भुरभुरीत राखाडी भुकटी झाली, आणि बोटं आईच्या नाकाशी नेली. जळक्या कागदाचा वास. मग तो उठला, मागच्या दुसऱ्या ताग्यातून एक दोरा काढला, तोही पेटवला. हा जळताना आकसला आणि टोकाला काळा कडक मणी झाला, प्लास्टिकचा उग्र वास आला. "ये मिक्स है बेन, सस्ता है, धुलाई में टिकेगा, लेकिन गोवा की गरमी में मत लेना." आम्ही गोव्याचे हे त्याला कसं कळलं देव जाणे, बहुतेक आमच्या बोलण्यावरून. मग म्हणाला की रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो, ते पण कधी बघायचं असेल तर या.

आम्ही त्याच्याकडे स्वस्तातलं मिक्स पण घेतलं, दोन मीटर, उशांच्या अभ्र्यांसाठी. त्याने लोखंडी गजाने मोजलं, वर चार बोटं जास्त सोडली, कात्रीने एक टोचा मारला आणि हातानेच टर्रकन फाडलं, अगदी सरळ रेषेत. तो आवाज मला फार आवडतो, अजूनही.

त्या माणसाने दाखवल्यापासून मी दोरा जाळून बघते. इथल्या दुकानात ते करता येत नाही हे कळतं मला, म्हणून घरी आणल्यावर शिवणीतला एक धागा काढून बघते. एवढीशी गोष्ट आहे पण ती कोणीतरी मला शिकवली, विकता विकता शिकवली. कापडाबरोबर ती घरी आली आणि कापड विरून गेलं तरी ती राहिली. फोनवर मागवलेल्या कुठल्याच कपड्याबरोबर असं काही माझ्याकडे आलेलं नाही. ते कपडे वाईट नसतात, मी पण मागवते, पार्सल येतं, नाही बसलं तर परत जातं. त्यात कोणाशी बोलावं लागत नाही हा लोकांना फायदा वाटतो आणि मला नेमका तोच तोटा वाटतो.

मंगळदासमधून निघून भुलेश्वरकडे जाताना मॅचिंगवाले लागतात. ब्लाउजचं टू बाय टू रुबिया, अस्तर, फॉल, नाड्या, काठ, लेस, बटणं. रंगांच्या घड्या एकावर एक रचलेल्या, नुसत्या हिरव्याच्याच इतक्या छटा की मोजायला गेलं तर डोळे दुखावेत. तिथला माणूस आपली साडी घेतो आणि दुकानाबाहेर रस्त्यावर येतो. हातगाडी, हमाल, स्कूटर सगळे अंगावर येत असतात, तो ढिम्म उभा राहून पदराचं टोक उजेडात धरतो आणि मग आत जाऊन एकच घडी काढतो. ट्यूबलाइटमधे सगळे मोरपंखी सारखेच दिसतात, उजेडात दिसत नाहीत, हे त्याला माहिती असतं. आईच्या शालूचा रंग असा की गोव्यात कुठेच जुळला नव्हता, तिथे जुळला. ती साडी आता भाची नेसणार आहे, आणि तिला त्यावर नवीन ब्लाउज पाहिजे, म्हणून मुख्य म्हणजे तिथे जायचंय.

बाकी ठिकाणांबद्दल मला फारसं सांगण्यासारखं नाही. फॅशन स्ट्रीट, बॉम्बे जिमखान्यासमोर, तरुण पोरांसाठी ठीक, घासाघीस करायला अंगात दम पाहिजे. कुलाबा कॉजवेला चपला, खोटे दागिने, लाकडी-पितळी शोभेच्या वस्तू, आणि त्यातल्या अर्ध्याअधिक वस्तू आपल्या कळंगुट-हणजुणला पण टांगलेल्या असतात, त्यामुळे गोंयकाराने तिकडून आणायचं काय हा प्रश्न. चोरबाजारात मटन स्ट्रीटला एकदा तरी जावं, जुनी घड्याळं, ग्रामोफोनचे कर्णे, मोडक्या खुर्च्या, पण ते बघायला. फोर्टात जाताना मला त्रास होतो. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस 2016 ला बंद झालं, 1948 पासूनचं स्ट्रँड बुक स्टॉल 2018 ला. तिथे पण माणूस उठून सांगायचा, हे नको, हे ऐका, हे वाचा. आता त्या बाजूने जाताना मी रस्ता बदलते.

आणि गल्ल्यांचं मी फार गोड गोड सांगतेय असं कोणाला वाटेल तर तसं नाही. तिकडे त्रास आहे, भरपूर आहे. दुपारी भुलेश्वरमधे श्वास घ्यायला जागा नसते. जुन्या इमारती टेकूवर उभ्या, डोक्यावर वायरींची जाळी, खाली कापड आणि कागद आणि प्लास्टिक ठासून भरलेलं, आग लागली तर बंब आत येणार कसा याचा विचार केला की पोटात गोळा येतो. पाठीवर गठ्ठे वाहणारे हमाल बघून आपल्या पिशवीचं ओझं सांगायची लाज वाटते. आणि बायकांना जायला बाथरूम नाही. हे मला स्पष्ट लिहायचंय कारण कोणी लिहीत नाही. आई सकाळपासून पाणी प्यायची नाही, दुपारी एखाद्या हॉटेलात जेवायला बसलो की आधी तिथे काय सोय आहे ते बघायची आणि मगच ऑर्डर द्यायची. ज्या बाजारात गिऱ्हाईक मुख्यतः बायका, तिथे दीडशे वर्षांत एवढं झालं नाही. भाचीला मॉल सोयीचा वाटतो तर त्यात हेही एक मोठं कारण आहे आणि ते मला पूर्ण पटतं.

बदलतंय पण. काळबादेवीला भुयारी मेट्रोचं स्टेशन झालं, 2025 च्या ऑक्टोबरपासून कफ परेडपर्यंत गाडी जाते. त्यासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती गेल्या, माणसं हलली. भेंडी बाजाराचं तर पुनर्बांधणीत रूपच बदलतंय, चाळी जाऊन टॉवर. आत्याची चाळ कधीच पडली. नवीन इमारतींत जिने रुंद असतील, बाथरूम असतील, आगीचे पाइप असतील, आणि ते सगळं व्हायलाच पाहिजे. पण चौथऱ्यावर गादी टाकून बसलेला, काडेपेटी खिशात ठेवणारा माणूस काचेच्या दारामागे तसाच बसेल की नाही याची मला धास्ती वाटते. त्याची मुलं शिकून बाहेर गेली असतील, त्यांनी का बसावं तिथे? गादीवर दिवसभर बसणं सोपं नाही.

हे सगळं मुंबईलाच असतं असंही नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा. मिरच्या विकणारी बाई हरमलची कुठली आणि खोल्याची कुठली हे न बघता, हातात घेऊन सांगते. मोयऱ्याची केळी आज खायला देऊ की परवासाठी, हे विचारूनच फणी कापते. पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, मे महिन्यात सोलं, म्हणजे आमसुलं, घ्यायला गेलं की एक सोल तोडून जिभेवर ठेवायला देते, मीठ जास्त लागलं तर तिलाच सांगायचं, ती पुढच्या बाईकडे बोट दाखवते. खाण्याच्या वस्तूंचं हे ज्ञान आपल्याकडे अजून जागच्या जागी आहे, आणि ते आहे म्हणून आपण सोलं ऑनलाइन मागवत नाही. कापडाचं तसं आपल्याकडे कधी फारसं नव्हतंच, पणजीत अठरा जून रस्त्यावर किंवा मडगावच्या न्यू मार्केटमधे चांगली जुनी दुकानं आहेत पण माल शेवटी मुंबई-सुरतेचाच. म्हणून जायचं. स्वस्त पडेल म्हणून नाही, प्रवासखर्च धरला तर स्वस्त काही पडत नाही.

भाचीने हे सगळं ऐकून घेतलं, मधेमधे फोन बघत होती पण ऐकत होती. शेवटी म्हणाली, ठीक आहे, एक दिवस तुझ्या गल्ल्या आणि एक दिवस माझा मॉल. मान्य. रविवार धरायचा नाही कारण मंगळदास बंद असतं. सकाळी गाडीतून उतरून आंघोळ-नाश्ता, दुकानं उघडली की थेट मंगळदास, कारण दुपारनंतर तिथे गर्दीत कापड नीट बघता येत नाही. साडी बरोबर न्यायची, फोटो नाही, प्रत्यक्ष साडी. मॅचिंग ऊन असताना, म्हणजे दोनच्या आत. मग क्रॉफर्ड मार्केटमधे सुकामेवा, समोर बादशाहला फालुदा, आणि तिथे बसून काय राहिलं त्याची यादी. भांडी दुसऱ्या दिवशी, तिच्या मॉलच्या आधी. बांगड्या तिकडे कितीही सुंदर दिसल्या तरी घ्यायच्या नाहीत, चुडा आपल्या कासाराकडेच भरायचा.

तारीख तेवढी ठरायचीय. पावसात कोकणकन्या रखडते, वेळापत्रकच वेगळं असतं, म्हणून ताई म्हणतेय पाऊस संपल्यावर जा. पण डिचोलीच्या आमच्या टेलरने आत्ताच सांगून ठेवलंय की गणपतीच्या चवथीनंतर आलेलं लग्नाचं ब्लाउज तो घेणार नाही, अगदी कोणाचंही असो. तेव्हा पाऊस असो नसो, चवथीच्या आधीच जायला लागणार, आणि उद्या सकाळी मी तिकिटं बघतेय.